दोन अनुस्वार

परभणीत कुणालाही सांगा जर्मनीला चाललेय म्हणून,
तो आधी हसतो, मग ती म्हण म्हणतो:
जगात जर्मनी अन् भारतात परभणी.
पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदारानं म्हटली,
दाताच्या डॉक्टरनं माझं तोंड उघडं असताना म्हटली,
वॉर्डातल्या आजोबांनी सलाइन लावून घेता घेता म्हटली
आणि मग विचारलं, "तिथं जवारी पिकती का?"
म्हटलं, बघून कळवते.

ड्यूटी चारला सुटते.
अॅप्रन स्कूटीच्या डिकीत कोंबून
मी मुनीरभाईंच्या दुकानात जाते, स्टँडच्या मागं,
जिथं नंबरप्लेटा वाळत घातलेल्या असतात
पापडासारख्या.
पहिलं वर्षभर मी नुसती बघायची.
मग एकदा त्यांनी ब्रश हातात दिला:
"हाथ हल्का रख. नस पकड़ते ना, वैसा."

तेव्हापासून या गावात माझं अक्षर फिरतं.
एका टेम्पोच्या पाठीवर 'सावकाश',
जे मी घाईत लिहिलं, कारण त्याला जिंतूर गाठायचं होतं.
लेथवाल्याकडं 'उधार बंद', दोन वेळा,
पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही म्हणून.
खडूच्या दोऱ्याची रेघ भिंतीवर टपकन उठते,
तेवढ्यासाठीसुद्धा मी आले असते.

रात्री नऊला जर्मनचा तास, मोबाइलवर.
यूच्या डोक्यावर दोन टिंबं आली
की ओठ शिट्टीचे करायचे
आणि आवाज मात्र 'ई'चा काढायचा.
ते अक्षर मी दुकानातल्या फळीवर गिरवलं.
मुनीरभाई चष्मा वर करून म्हणाले,
"ये कौन से गाँव का अनुस्वार है?
एक से काम नहीं चलता उनका?"
मग स्वतःच ओठ गोल करून बघितले, बराच वेळ.
चहावाल्या पोराला वाटलं, मांजर बोलावतायत.

विमानात ब्रश चालतात, ऑइलपेंट चालत नाही.
माझ्याकडं निळ्याचा एक डबा आहे.
अकरा दिवसांत संपवायचाय.
हे गल्लीत कसं कळलं कोण जाणे,
लोक वस्तू आणायला लागले.
लाइटमीटरची पेटी. पाटावर नातवाचं नाव.
लोखंडे काकांनी स्टूल आणलं, म्हणाले, काहीपण लिही.
मी 'बसा' लिहिलं.

आज प्रयागबाईची खानावळ.
मी घोड्यावर चढलेली, मुनीरभाई खाली घोडा धरून,
प्रयागबाई परात पुढ्यात घेऊन भाकरी थापतायत
आणि मान वर करून विचारतायत,
"ह्यात मी कुठं हाय?"
मी 'प्र'पासून 'ई'पर्यंत ब्रशची दांडी फिरवली.
"लई लांबडी हाय की मी," म्हणाल्या
आणि पुढची भाकरी जरा मोठी झाली.

शेवटी ळ उरला.
मुनीरभाई म्हणतात, ळला दोन पोटं असतात,
एक उपाशी ठेवलं तर दुसरंही वाकडं दिसतं.
मी हळू काढला.
इतका हळू, की रिक्षावाला थांबून बघत बसला
आणि त्याच्या गिऱ्हाइकानं हॉर्न वाजवला.
तिकडं ळ लागणार नाही मला.
कुठल्या फॉर्मवर, कुठल्या औषधावर, कुणाच्या नावात.

ब्रश उचलताना हात हलला.
ळच्या डोक्यावर, रेघेच्या वर,
निळे दोन थेंब. शेजारी शेजारी.
मी फडकं मागितलं.
"रहने दे," खालून आवाज आला,
"पोंछ मत."

प्रयागबाईंनी पदरानं कपाळ पुसलं.
"वर ते काय काढलंस गं?"
म्हटलं, तिकडं असं लिहितात.
"मंग ऱ्हाऊ दे. खाली उतर, ठेचा वाळायलाय."

भाकरीला माझ्या बोटांची निळी खूण लागली,
तेवढा तुकडा काढून ठेवून बाकीची खाल्ली.
डबा हलवून बघितला:
अजून बोटभर आहे.
उद्या निखतची स्कूटी.